आळण : सातारा-सांगलीकडील ताकातल्या पालकभाजीचा शब्देतिहास

एखाद्या प्रदेशाच्या पाकपरंपरेचा इतिहास लिहावयाचा म्हटले, की अभ्यासकाची दृष्टी प्रथम राजांच्या मुदपाकखान्याकडे आणि संस्कृत पाकग्रंथांकडे वळते. तेथे साधनांची वाण नसते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या दीपाबाईच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त याच्या ‘भोजनकुतूहला’त संस्कृत विवेचनाच्या ओघात पदार्थांची देशी नावेही येतात. परंतु जी भाजी आठवड्यातून एकदोनदा चुलीवर चढते, भाकरीबरोबर संपते आणि जिला पंक्तीत खास मान नाही, तिचा इतिहास कोठे शोधावयाचा? कागदपत्रांत तिची नोंद क्वचितच सापडते. ती सापडते बोलण्यात : ती कशी करतात हे सांगणाऱ्या क्रियापदांत, ती कितपत दाट असावी हे ठरविणाऱ्या विशेषणांत आणि ती बिघडली असता कानी पडणाऱ्या शब्दांत.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील घरांत होणारी ताकातली पालकभाजी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ती दाट, गुळगुळीत व जिभेला मऊ लागणारी असते. पण तिच्यात साय नसते. ही मृदुता तिच्यात आली कोठून, आणि ती साधण्याचे ज्ञान पिढ्यानुपिढ्या कोणत्या रूपात टिकले, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

१. प्रदेश

सातारा व सांगली यांचा एकत्र विचार करण्यास आधार आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली दक्षिण सातारा नावाचा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णेचे खोरे दोन्ही जिल्ह्यांना जोडते. पश्चिमेस पाटण, जावळी, महाबळेश्वर हा अतिपावसाचा डोंगरी भाग. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा अवर्षणाचा पट्टा. मध्ये कराड, वाळवा, मिरज यांची काळी, सुपीक जमीन. या भूरचनेमुळे एकाच भाजीची निरनिराळी रूपे थोड्या अंतरावर आढळतात. तथापि तिचा मूळ सांगाडा सर्वत्र एकच राहतो : शिजवून घोटलेला पाला, त्यास लावलेले पीठ, आंबटपणासाठी ताक आणि वरून फोडणी.

हा सांगाडा केवळ पालकाचा नव्हे. चाकवत, चुका, चंदनबटवा, अंबाडी यांच्या पातळ भाज्याही त्याच रीतीने होतात. चुका व अंबाडी स्वभावतःच आंबट असल्याने त्यांना ताक लागत नाही. चाकवताला मात्र ते लागतेच, किंबहुना ‘ताकातली भाजी’ म्हटले की जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर प्रथम चाकवतच उभा राहतो. माण-खटावकडील ताकातल्या कण्या हाही याच कुळातील पदार्थ. तेथे पाल्याऐवजी जोंधळ्याच्या कण्या ताकात शिजवितात. पाला असो वा धान्य, ताकाला पिठूळ द्रव्याची जोड देऊन दाटपणा आणावयाचा, हे या प्रदेशाचे सामान्य सूत्र होय. पालक या सूत्रात सामावला गेला, तो स्वतःचे वेगळे सूत्र घेऊन आला नाही.

२. पालक : एक नाव, दोन वनस्पती

‘पालक’ या शब्दाची कथा भाषाभ्यासकास उद्बोधक वाटेल अशी आहे. आयुर्वेदीय निघंटूंत ‘पालङ्क्या’, ‘पालक्या’ अशी रूपे आढळतात. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’त शाकवर्गात तिचे गुणदोष सांगितले आहेत. मराठीत ‘पालक’बरोबरच ‘पालख’ असाही उच्चार ऐकू येतो. परंतु या एका नावाखाली आज दोन भिन्न वनस्पती वावरतात. ज्या रुंद, गुळगुळीत पानांच्या भाजीची जुडी आपल्याकडे सर्रास मिळते, ती बीटाच्या जातीची आहे; वनस्पतिशास्त्रात तिला बीटा व्हल्गॅरिसचा बेंगालेन्सिस हा प्रकार म्हणतात. युरोपात ज्याला स्पिनॅच म्हणतात ती स्पिनॅशिया ओलरेशिया ही वनस्पती निराळी असून तिला येथे ‘विलायती पालक’ म्हणण्याचा प्रघात आहे.

विलायती म्हटला तरी हा दुसरा पालक मूळचा विलायतेचा नव्हे. त्याचे मूळ इराण व त्याच्या आसपासच्या प्रदेशात मानले जाते. फारशीतील ‘अस्पनाख’ हे त्याचे नाव अरबीत गेले, अरबांबरोबर ते स्पेनात पोहोचले आणि तेथून युरोपातील निरनिराळ्या भाषांत पसरले. पूर्वेकडील प्रवास वेगळा आहे. इसवी सन ६४७ मध्ये नेपाळच्या राजाकडून ही भाजी चीनच्या दरबारी आल्याची नोंद चिनी साधनांत आहे, आणि तिच्या चिनी नावाचा संबंध विद्वानांनी ‘पालङ्क्य’ या भारतीय नावाशी जोडला आहे. म्हणजे पश्चिमेकडे जाताना भाजीने फारशी नाव घेतले, तर पूर्वेकडे जाताना भारतीय.

मराठीच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. यादवोत्तर काळात मराठीत फारशी शब्दांचा लोंढा आला; राज्यकारभार, पोशाख, पक्वान्ने, फळे यांची कितीतरी नावे त्या वाटेने रूढ झाली. पालकाचे फारशी नाव मात्र मराठीत रुजले नाही. नवीन वस्तू जेव्हा जुन्या नावाने ओळखली जाते, तेव्हा त्या नावाची जागा आधीच कोणीतरी व्यापलेली असते, असा भाषेचा सर्वसाधारण अनुभव आहे. येथेही जुन्या नावाची भाजी घरात होती, तिची शिजविण्याची रीत ठरलेली होती, आणि नावाप्रमाणेच नव्या पाल्यालाही ती रीत पुरली, असे म्हणण्यास जागा आहे. बीट-पालक, विलायती पालक आणि चाकवत ही तिन्ही वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणात एकाच कुलात मोडतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. स्वयंपाकघराने त्यांना एका रीतीने शिजविले ते काही शास्त्र वाचून नव्हे. तिन्ही पाने शिजल्यावर सारख्याच रीतीने विरघळतात, हा हाताचा अनुभव त्यामागे होता.

३. साय आणि ताक

युरोपीय पाकपद्धतीत पालक मऊ करावयाचा तो लोणी, मैदा, दूध आणि साय यांच्या साहाय्याने. महाबळेश्वर येथे १८२८-२९ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने इंग्रजांचे हवेचे ठिकाण वसले. पुढे तेथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांकडून विलायती भाज्यांचे मळेही पिकविले गेले. तेथील बंगल्यांत इंग्रजी स्वयंपाक होत असता खाली वाई-साताऱ्याच्या घरांत पालेभाजी ताकातच शिजत राहिली. या फरकाचे मूळ रुचिभेदापेक्षा दुधाच्या अर्थव्यवस्थेत अधिक आहे.

शेतकरी घरात एखादी म्हैस वा गाय असे. दूध तापवून त्यावरची साय काढावयाची, ती विरजून घुसळावयाची, लोणी निघाले की कढवून तूप करावयाचे. तूप टिकते, साठविता येते, विकता येते, देवास व पाहुण्यास वाढता येते. साय भाजीत घालणे म्हणजे तुपाचा थेंब चुलीत घालण्यासारखेच. घुसळणीनंतर उरते ते ताक. त्यास बाजार नव्हता. ज्याच्या घरी दुभते असे त्याच्याकडून शेजारी ताक मागून नेत, आणि त्याचे मोल घेणे बरे दिसत नसे. ‘ताकाला जाऊन भांडे लपविणे’ ही म्हण या व्यवहारातूनच जन्मली आहे : ताक मागण्यास जाण्यात लाजण्यासारखे काही नाही, हे सर्वांस ठाऊक होते, म्हणूनच भांडे लपविणारा हास्यास्पद ठरतो.

अशा घरात भाजीस मृदुता आणावयाची तर हाताशी दोनच द्रव्ये उरतात : फुकटचे ताक आणि जात्यावरचे पीठ. सातारा-सांगलीच्या पालकभाजीचा दाटपणा या दोहोंतून आला आहे. त्यास उणिवेची भरपाई म्हणणे मात्र योग्य होणार नाही. सायीने भाजी स्निग्ध होते, पण तिचा पाल्याचा उग्रपणा तसाच राहतो. पालकात ऑक्झॅलिक आम्ल असते आणि त्यामुळे दातांवर एक प्रकारचा खरखरीतपणा जाणवतो. ताकातील चुना, म्हणजे कॅल्शियम, त्यातील काही भागाशी संयोग पावतो व तो उग्रपणा सौम्य होतो. शिवाय ज्वारीच्या कोरड्या भाकरीबरोबर खाण्यास आंबटसर, सरसरीत कालवण हवे असते. भाकरी, ताक आणि पाला यांचे हे जुळणे बहुत काळाच्या सवयीने ठरलेले आहे.

४. कृती

भाजीची घरगुती कृती थोडक्यात अशी. पालक निवडून, धुऊन, बारीक चिरून थोड्या पाण्यात शिजत घालावयाचा. त्याबरोबर भिजविलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे वेगळे शिजवून घ्यावयाचे. पाला शिजला की गरम असतानाच तो डावाने, रवीने किंवा लाकडी घोटणीने घोटावयाचा. दुसऱ्या भांड्यात गार ताकात हरभऱ्याच्या डाळीचे पीठ गुठळी न राहील असे कालवावयाचे. एका मध्यम जुडीस दोन वाट्या ताक आणि दोन-तीन चमचे पीठ हे साधारण प्रमाण होय. हे कालवलेले ताक पाल्यात ओतून एकसारखे ढवळत राहावयाचे, आणि भाजी रटरटू लागली की डाळ, दाणे, मीठ व किंचित गूळ घालून मंद आचेवर ठेवावयाची. शेवटी तेलाची फोडणी : मोहरी, हिंग, सांगलीच्या बाजाराने प्रसिद्ध केलेली हळद, सुकी मिरची, आणि बहुतेक शेतकरी घरांत ठेचलेला भरपूर लसूण. काही घरांत लसणाऐवजी आले-हिरवी मिरची येते, काही घरांत डाळीच्या पिठाऐवजी ज्वारीचे पीठ, काही घरांत दाण्यांचा कूट.

या क्रमातील प्रत्येक पायरीस कारण आहे. ताक नुसतेच तापविले तर त्यातील प्रथिने गोळा होऊन पाणी वेगळे होते, म्हणजे ताक फाटते. पीठ आधीच कालवले असेल तर तापल्यावर त्यातील पिष्टकण फुगतात, द्रव दाट होतो आणि प्रथिनांचे कण एकमेकांस चिकटण्यास अवसर राहत नाही. पीठ गारच ताकात कालवावयाचे, कारण गरम द्रवात पडलेल्या पिठाचा बाहेरचा थर ताबडतोब शिजतो व आत कोरडी गुठळी राहते. ताक शेवटी घालावयाचे, कारण आम्लात पाला फार वेळ शिजला तर त्याचा हिरवा रंग जाऊन तो काळपट, शेवाळी दिसू लागतो. भांडे कल्हईचे हवे. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ‘कळकते’, आणि कळकलेले अन्न पोटास बाधते. चुलीच्या मुख्य तोंडावर भाजी उकळली की ती शेजारच्या वैलावर सरकवावयाची, म्हणजे आच मंद होऊन पीठ हळूहळू शिजते व तळाशी लागत नाही.

यातील शास्त्र विसाव्या शतकातील प्रयोगशाळांनी स्पष्ट केले. रीत मात्र त्यापूर्वीची आहे, आणि ती लेखी नियमांवाचून टिकली. कशी टिकली, याचे उत्तर शब्दांत आहे.

५. शब्द

या भाजीस दाट करणाऱ्या पिठास मराठीत स्वतंत्र नाव आहे : आळण. ‘भाजीला आळण लावणे’ म्हणजे पीठ लावून ती एकजीव करणे. त्याच्याशी संबद्ध क्रियापद ‘आळणे’. रस आळतो, भाजी आळते, म्हणजे पातळपणा जाऊन दाटपणा येतो. मिठावाचून असलेल्या अन्नास ‘अळणी’ म्हणतात, तो शब्द ‘अलवण’ या संस्कृत शब्दापासून आलेला असून त्याचा आळणाशी संबंध नाही. कानाला जवळ वाटणारे हे दोन शब्द स्वयंपाकघरात कधी एकमेकांत मिसळले नाहीत, यावरून बोलणाराच्या मनातील त्यांचे भिन्नत्व किती पक्के होते ते दिसते.

दाटपणाच्या श्रेणी दाखविणारी विशेषणे पाहावीत. घट्ट, दाट, पळीवाढी, सरसरीत, पातळ, पाणचट, अशी ही उतरंड आहे. त्यांतील ‘पळीवाढी’ हा शब्द विशेष अर्थपूर्ण होय. पळीने वाढता येईल पण ताटात पसरून वाहणार नाही, इतकी दाट ती पळीवाढी. येथे घनतेचे माप म्हणून वाढण्याचे साधनच वापरले आहे. वजन नाही, वेळ नाही, आकडा नाही, तरी त्या मापात संदिग्धता नाही. पदार्थांची नावेही बहुधा याच गुणावरून पडली. अळूच्या पातळ भाजीस ‘फदफदे’ म्हणतात ते ती भाजी ताटात पडताना होणाऱ्या मऊ ध्वनीवरून. मिश्र पालेभाज्या डाळीसह मऊ शिजवून घोटल्या की त्यांचे ‘गरगट’ होते. भात अतिशय मऊ झाला तरी तो ‘गरगट शिजला’ असेच म्हणतात. विजापूरकडील कन्नड घरांतही ‘गरगट्टा’ या नावाचा पदार्थ आहे, आणि जत-मिरजेकडे दोन्ही भाषा एकाच अंगणात बोलल्या जात असल्याने या शब्दाने सीमा मानली नाही हे स्वाभाविकच आहे. झुणक्याचीही तीच गोष्ट.

सर्वांत विचारार्ह आहेत ती क्रियापदे. कर्त्याची कृती सांगणारी क्रियापदे मोजकी : हाटणे, घोटणे, कालवणे, ढवळणे. याउलट भाजीचीच अवस्था सांगणारी क्रियापदे पुष्कळ आहेत. भाजी शिजते, विरते, आळते, रटरटते, उतू जाते, तळाला लागते, करपते. ताक फाटते, कळकते. आणि सर्व यथास्थित झाले की भाजी ‘मिळून येते’. पाला, ताक आणि पीठ ही तीन द्रव्ये वेगवेगळी न दिसता एक होतात, त्या क्षणास हे नाव आहे. उलट स्थिती म्हणजे ‘चोथापाणी’ होणे : पाला तळाशी, पाणी वर. ‘फोडणी’ हा शब्दही मुळात मोहरी फुटण्याच्या निरीक्षणावरून आलेला.

येथे व्याकरणाची एक लकब ध्यानात घेतली पाहिजे. ‘शिजत आली’, ‘आळत आली’, ‘मिळून आली’ या प्रयोगांत ‘येणे’ हे सहायक क्रियापद पूर्णतेकडे चाललेल्या क्रियेचा शेवटचा टप्पा दाखविते. ‘भाजी आळली’ आणि ‘भाजी आळत आली’ यांत जो भेद आहे, तो चुलीजवळ उभ्या असलेल्या स्त्रीस फार उपयोगाचा असतो. कारण भांडे उतरवावयाचे ते भाजी आळल्यावर नव्हे, आळत आली असताना. पिठाची भाजी निवल्यावर आणखी दाट होते. सासू सुनेस सांगते, ‘मिळून आली बघ, आता उतरव.’ या एका वाक्यात निरीक्षण आहे, निर्णय आहे आणि वेळेचे अचूक भानही आहे. घड्याळावाचून वेळ शिकविण्याची ही पद्धती क्रियापदाच्या रूपात साठविलेली आहे.

तात्पर्य, घरातील पाकभाषा ही मुख्यतः निरीक्षणाची भाषा आहे. ती करणाराविषयी थोडे बोलते, होणाऱ्याविषयी पुष्कळ. ती तांत्रिक परिभाषाच होय. लोहाराच्या, सुताराच्या, विणकराच्या परिभाषेचे संग्रह करताना अभ्यासकांनी जी तत्परता दाखविली ती चुलीच्या परिभाषेस क्वचितच लाभली, याचे कारण ती परिभाषा बायकांची होती एवढेच दिसते.

६. छापील पाककृती

मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या ‘सूपशास्त्रा’ची गणना होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ या ग्रंथाने स्त्रीलिखित पाकग्रंथांची परंपरा दृढ केली. प्रस्तुत प्रदेशाच्या दृष्टीने त्याहून निकटचे नाव म्हणजे कमलाबाई ओगले यांचे. त्यांचा जन्म १९१३ साली कुंडल येथे झाला. कुंडल त्या काळी औंध संस्थानात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. त्याच्या शेजारीच १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि तेथून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघू लागले. स्त्रियांच्या अनुभवास छापील पानावर जागा मिळण्याच्या चळवळीत या खेड्याचा वाटा मोठा आहे. विवाहानंतर कमलाबाई सांगलीस आल्या आणि तेथे सासूच्या हाताखाली त्यांचा स्वयंपाकाचा अभ्यास झाला. १९७० साली त्यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले आणि मराठी घरांत ते अल्पावधीत घरोघरचे पुस्तक बनले.

‘रुचिरे’चे वैशिष्ट्य सर्वज्ञात आहे : प्रमाण वाटी व चमचा यांत दिलेले. या निवडीचे महत्त्व कळण्यासाठी तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. शेर, पावशेर, नवटाक, तोळा या मापांत वाढलेल्या पिढीपुढे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली. जुनी मापे कायद्याने गेली होती आणि नवी मापे हाताला बसली नव्हती. अशा वेळी जी वाटी प्रत्येक घरात होती तीच माप म्हणून घेतल्याने दोन्ही अडचणी टळल्या. शिवाय वाटीचे प्रमाण हे परस्पर-प्रमाण असते. वाटी लहान असो वा मोठी, पीठ आणि ताक यांचा मेळ तोच राहतो. नोकरीनिमित्त घरापासून दूर गेलेल्या, सासूची वा आईची सोबत नसलेल्या सुनांना या पुस्तकाचा केवढा आधार झाला, हे निराळे सांगणे नको.

परंतु घरातील भाषा छापील पानावर येताना तिच्या व्याकरणात एक बदल झाला, तो नोंदविणे अवश्य आहे. मराठी छापील पाककृतीची ठरलेली क्रियापदे ‘घालावे’, ‘ढवळावे’, ‘शिजवावे’ अशी विध्यर्थी असतात. ती वाचकाने काय करावे हे सांगतात. ‘आळत आली’, ‘मिळून आली’ या निरीक्षणाच्या क्रियापदांस तेथे गौण स्थान मिळते, कारण पुस्तक लिहिणारास वाचकाच्या पातेल्यात डोकावता येत नाही. हा दोष कोणा लेखिकेचा नव्हे. छापील सूचनेचा तो स्वभाव आहे. कृती कागदावर उतरते, अवस्था मात्र उतरत नाही. म्हणूनच एकाच पुस्तकावरून, एकाच प्रमाणाने दोघींनी केलेली भाजी एकीची मिळून येते, दुसरीची चोथापाणी होते, आणि मग ‘हाताला चव असते’ या गूढ कारणाचा आश्रय घेतला जातो. वास्तविक ती चव हाताची नसून पाहण्याची असते, आणि पाहावयाचे काय ते सांगणारे शब्द त्या घरात अजून बोलले जात असतात, इतकेच.

७. बदलती स्थिती

गेल्या काही दशकांत या भाजीची साधने एकामागून एक बदलली. भिलवडी येथे १९३९ मध्ये चितळ्यांच्या दुग्धव्यवसायास आरंभ झाला. १९७० पासूनच्या दूधमहापूर योजनेने व सहकारी संघांनी गावोगावचे दूध सकाळ-संध्याकाळ संकलित होऊ लागले. शेतकऱ्यास त्यामुळे रोख उत्पन्न मिळाले, ही गोष्ट मोलाचीच आहे. पण दूध दूध म्हणूनच घराबाहेर पडू लागल्यावर घरातील घुसळण कमी झाली, आणि घुसळणीबरोबर ताकही. जे शेजाऱ्याकडून मागून आणावयाचे ते आता दुकानातून पिशवीत विकत येते. म्हण उरली, व्यवहार गेला. चुलीबरोबर वैल गेला, स्टेनलेस स्टीलबरोबर कल्हई गेली, आणि ‘कळकणे’ या क्रियापदास अनुभवाचा आधार उरला नाही.

घोटणीची जागा विजेच्या मिक्सरने घेतली. मिक्सरमधून काढलेला पालक निःसंशय गुळगुळीत होतो. पण घोटताना पाल्याचे काही तंतू अखंड राहून भाजीस जे अंग येते ते त्यात राहत नाही, आणि घोटणारीच्या मनगटास पाला विरला की नाही हे जे कळे, तेही आता कळत नाही. याच सुमारास पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या उपाहारगृहांतून पंजाबी धर्तीची पालक-पनीर ही भाजी सातारा-कराडच्या घरांपर्यंत पोहोचली. तिच्यात साय चालते, कारण आज साय विकत मिळते व तूप घरी कढविण्याची निकड उरलेली नाही. तिच्या दाट रसास ‘ग्रेव्ही’ म्हणतात. या नव्या भाजीविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पालकाने यापूर्वीही परक्या रीती आपल्याशा केल्या आहेत आणि आपल्या रीती परक्यांस दिल्या आहेत. मात्र ‘ग्रेव्ही’ हा शब्द तयार वस्तूचे नाव आहे, तर ‘आळण’ हा शब्द ती वस्तू कशाने तयार होते ते सांगतो. पहिला शब्द आला म्हणून दुसरा जाण्याचे कारण नव्हते. तरी तो जात आहे. सातारा-सांगलीच्या शहरी घरांत पंचविशीतील मुलामुलींना ‘पीठ लावणे’ समजते, ‘आळण’ बहुधा समजत नाही.

शब्द गेला तरी भाजी राहील, असे वाटणे साहजिक आहे. काही काळ तसे घडतेही. गौरींच्या आगमनाच्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखविला जातो, भोगीस मिश्र भाजी होते, थंडीत चाकवत बाजारात येतो. या निमित्तांनी पातळ पालेभाजीचे स्थान अद्याप टिकून आहे. पण ज्या घरात ‘आळत आली’ हे कोणी म्हणत नाही, त्या घरात भाजी कधी उतरवावयाची हे नव्याने, चुका करीतच शिकावे लागते. अनेकांना ते जमत नाही आणि ताकातली भाजी ‘फाटते’ म्हणून तिची वाट सोडली जाते. शब्दाच्या लोपाने ज्ञानाचा लोप कसा होतो, याचे हे लहानसे पण स्पष्ट उदाहरण आहे.

डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी मालिका सिद्ध केली, तिच्यात कुडाळी, महाडकडील कुणबी, कोचीनकडील मराठी अशा बोलींचे वर्णन आले. देशावरील बोली प्रमाण मराठीस जवळच्या म्हणून त्यांच्याकडे तितक्या निकडीने पाहिले गेले नाही. त्यांच्या ध्वनिव्यवस्थेत वा प्रत्ययांत कदाचित फार नवे हाती लागणार नाही. परंतु चूल, जाते, गोठा आणि घुसळण यांच्या शब्दसंपत्तीत लागेल. असा संग्रह करावयाचा तर प्रश्नावली घेऊन ओसरीवर बसणे पुरेसे नाही. माण किंवा जतच्या एखाद्या घरी भाजी चुलीवर असताना, ती उतरेपर्यंत, तेथे उभे राहून ऐकावे लागेल. चुलीजवळ वाढलेल्या व हे शब्द सहज बोलणाऱ्या स्त्रियांची पिढी आज सत्तरीपलीकडे गेली आहे. त्यामुळे हे काम पुढील काही वर्षांतच व्हावयास हवे.